एकदा बाहेर पडलं की

आगीच्या बंबावरचा हा जवान सुट्टीच्या दिवशी सोसायट्यांमधून फिरून लोकांना सावध करायचा, आणि घरच्यांना तर त्याने नको नको करून सोडलं होतं. शेगडीजवळ फडकं दिसलं की ओरडा, एका प्लगात तीन वायरी दिसल्या की ओरडा. "चहा उतू गेला तरी पंचनामा करतो मेला," म्हणत त्याची आई पोट धरून हसायची. लेकीकडून त्याने लहानपणापासून एकच गोष्ट घोटून घेतली होती: धूर दिसला की बाहेर पडायचं, आणि एकदा बाहेर पडलं की काही झालं तरी आत जायचं नाही.

आईला मात्र तो कधी रागावला नाही. ती आपली शाल खोलीतल्या हीटरवर वाळत घालायची. तो ती मुकाट्याने उचलून दोरीवर टाकायचा, आणि त्याची पाठ वळली की शाल पुन्हा हीटरवर. साऱ्या गावाला दटावणाऱ्या या माणसाला आईपुढे तोंड उघडवत नव्हतं.

एका दुपारी शाल पेटली. आई खोलीत होती, लेक स्वयंपाकघरात. शिकवल्याप्रमाणे ती बाहेर पळाली, शेजाऱ्यांची दारं बडवली, बंब बोलावला. बंबावर बापच होता. आपल्या आईला त्यानेच खांद्यावर घालून बाहेर आणलं, पण धुराने तिचा जीव आधीच घेतला होता.

मग नातेवाइकांच्या जिभा सुटल्या. आत्या तर पोरीच्या तोंडावर म्हणाली, "एवढी घोडी झालीस, आणि जिने वाढवलं तिला सोडून पळालीस?" बोलायला यांच्या बापाचं काय जातं! पोरीने मात्र अन्न टाकलं, बोलणंही टाकलं.

लोकांना सावध करायच्या पुढच्या कार्यक्रमाला तो तिला सोबतच घेऊन गेला; घरी एकटं ठेवायचा धीर होईना. बोलता बोलता तो नेहमीच्या नियमापाशी आला, तशी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि आत आपलं माणूस असेल तर?"

त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर लेक मान खाली घालून बसली होती.

"तरीही जायचं नाही," तो म्हणाला. "माझी आई आत होती. माझी मुलगी बाहेर थांबली. आत गेली असती, तर मला दोघींना उचलावं लागलं असतं. तिचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. हीटरवर कपडे घालू नकोस, एवढं मला आईला ठणकावून सांगता आलं नाही."

पोरीच्या उरावरचा धोंडा आता उतरला असेल, असं त्याला वाटलं.

जिना उतरताना ती थांबली.

"बाबा, आजी मला हाका मारत होती."

"येऊ नकोस म्हणत असेल, बाळा."

"नाही. लवकर ये गं, म्हणत होती."

तो पायरीवर बसला आणि त्याने लेकीला पोटाशी धरलं. माणसं बाजूने उतरत होती. त्यातल्याच एक बाई थांबून म्हणाल्या, "फार छान समजावून सांगितलंत हो."