बेल्मिरोच्या मागची जागा

रापणीच्या दोरावर बेल्मिरोच्या मागची जागा माझी. लिस्बनच्या वर्तमानपत्रात जन्मभर मंत्र्यांची टिंगल केली, पण मला हवंसं वाटलेलं पद एवढंच. दर उन्हाळ्यात या गावात यायचं, त्याच्या पाठीशी उभं राहून जाळं किनाऱ्याला ओढायचं आणि बादलीत वाट्याचे मासे घ्यायचे. दोराला हात लावेल त्याला वाटा, हा गावचा कायदा. देशात पाळला जाणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपायी मधले काही उन्हाळे हुकले. बेल्मिरो फोनवर सांगायचा, "अन्सेल्मो, काही बदललं नाही रे. तुझी जागा तशीच आहे." म्हणून या खेपेला लिस्बनचं घर सोडून कायमचाच आलो. बादलीसकट.

गाव पूर्वीपेक्षा जास्तच कोळ्यांचं झालं होतं. सणासुदीचे चौकडीचे शर्ट आता रोजच सगळ्यांच्या अंगावर होते. बर्फाच्या कारखान्यात साबणाचं दुकान निघालं होतं. साबणांना आकार माशांचा, वास गुलाबाचा.

किनाऱ्यावर बेल्मिरोने कडकडून मिठी मारली. त्याच्या मागे एक दाढीवाला तरुण दोर धरून उभा होता.

"हा कोण?"

"टिबुर्सियो. डोंगराकडचा आहे. पोहता येत नाही, पण फोटोत झकास दिसतो."

"आणि मी?"

"तू मागे उभा राहा ना, तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांत." त्याने एक केशरी जाकीट पुढे केलं. "विम्याची भानगड आहे. बाहेरच्या माणसांना घालावंच लागतं."

"बाहेरच्या?"

"लेका, शब्दाला काय चिकटतोस! जन्मभर तोच धंदा केलास."

जाकीट घातलं, दोर ओढला. जाळं वाळूवर आलं तशा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून पाहिलं. बांगडे ताजे, चकचकीत होते आणि एकूण एक पोट चिरून साफ केलेले होते. समुद्राने एवढी सुधारणा केल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं.

बेल्मिरोची बायको एर्मेलिंदा टोपली घेऊन शेजारीच उभी होती. मी हळूच विचारलं, "वहिनी, हे साफ कोणी केले?"

तिने जीभ चावली. "मीच हो भावजी. पहाटे बाजारातून पेट्या येतात, त्या जाळ्यात भरायच्या. पण मासा समोर आला की हात थांबत नाहीत मेले! याला सांगू नका."

"हे कधीपासून?"

"तुम्ही शेवटचे आलात ना, त्या उन्हाळ्यापासून. तेव्हा मात्र याने मला पेट्यांना हात लावू दिला नव्हता. म्हणाला, अन्सेल्मोच्या लगेच लक्षात येईल."

त्या उन्हाळ्यात बांगडे भाजताना मी बेल्मिरोला म्हणालो होतो, स्वतः ओढलेल्या माशाची चवच वेगळी. त्याने डोळे पुसले होते. धूर फार झालाय, म्हणाला होता.

आता तो पाहुण्यांना एकेक बांगडा वाटत आला. "घे रे, तुझा वाटा!"

मी बादली वाळूत पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. बरोबर त्याच्या नावेसमोर.

"अरे, तिथे नको बसूस," बेल्मिरो दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांच्या फोटोत येतोयस. निदान ते जाकीट तरी काढ!"

मी चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.