तानाबाईचं घंगाळ

ज्योतीराम हवालदाराने घंगाळाच्या कडीखाली साचलेला काळा मळ बाभळीच्या काडीने उकरून काढला, वरून चिंचेचा कोळ फासला आणि राखेची चिमूट घेऊन पुन्हा घासायला बसला. घंगाळ शेजारच्या तानाबाईचं होतं. तिने ते दिवाळीनंतर घासलेलं नव्हतं. आपल्या वस्तूचा एवढा मान होताना पाहून ती दारातच उभी राहिली होती.

"हवालदार, आवं भोक पडंल त्याला."

"पडू दे. डाग चालायचा न्हाई."

"साहेब आंघूळ करणार हाय का तुमच्याकडं?"

"आंघूळ न्हाई. इन्स्पेक्शन हाय."

आत त्याची बायको सोजराबाई शेजारच्याच दुर्गाबाईची पितळी परात फळीवर उभी करून बघत होती. परात घसरत होती. तिने मागे पाटा लावला. मग समोरच्या सारजाबाईचा तांब्या, तिचीच फुलपात्री, पलीकडच्या चाळीतून आलेला हंडा अशी रांग लावून ती दोन पावलं मागे सरली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून फळीकडे पाहत राहिली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण ही फळी इतकी भरलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. स्वतःची भांडी तिने लाज नको म्हणून पोत्याखाली झाकून ठेवली होती. ती स्वस्तातल्या जर्मनची होती आणि त्यांच्यावर नाव नव्हतं.

खोली बबनरावांची. चिंचवड स्टेशनाच्या अलीकडे त्यांचा एक लांबलचक गोठा होता. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तशी बबनरावांनी जनावरं विकली, मधे विटांच्या भिंती घातल्या आणि त्याच दावणीला भाडेकरू आणून बांधले. भाडं सहा रुपये. हवालदाराची पलटणीची पेन्शन साडेसतरा. मधल्या काळात सरकारने आणे बंद करून नवे पैसे आणले, पण पेन्शनीतल्या रुपयांना त्याची काही झळ लागली नाही, ते होते तेवढेच राहिले. लाकडाच्या वखारीवरची राखणदारी गुडघ्यांनी सोडवली होती.

आणि आता बबनरावांना बारा रुपये भाडं हवं होतं, वर साठ रुपये अनामत. कारखान्यातला एक फिटर एवढं द्यायला तयार होता.

"मी काय तुमाला काढतोय व्हय?" बबनराव म्हणाले होते. "तुमी साठ रुपयं ठेवा, बारा देत जा, ऱ्हावा की शंभर वर्सं. अवसेपतूर वाट बघतो."

अवसेपर्यंत साठ रुपये आले नाहीत तर जायला एकच जागा होती. चिखलीला लेक दिली होती. तिच्या सासरच्या गोठ्याला एक पडवी होती. ती पडवी जावयाने स्वतः होऊन देऊ केली होती, आणि तेव्हापासून सोजराबाईला रात्रीचं जेवण जात नव्हतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा ती आजवर उभ्या उभ्या प्यायली होती.

पुण्यात पलटणवाल्यांसाठी एक मदतनिधी होता. शाळेच्या मास्तरांनी अर्ज लिहून दिला. उत्तर आलं की घरची परिस्थिती पाहायला इन्स्पेक्टर येतील, मग काय ते ठरेल.

घरची परिस्थिती पाहायला कुणी येणार म्हटल्यावर काय करायचं, हे सोजराबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. लेकीच्या वेळी पाहुणे आले होते तेव्हाही तिने घोंगडी, समई आणि एक शेजारीण उसनी आणली होती. हवालदाराचं कारण वेगळं होतं. पलटणीत इन्स्पेक्शनच्या दिवशी एखाद्याच्या किटमधला मोजा कमी असला तर तो शेजारच्या बराकीतून यायचा. तिकडचं इन्स्पेक्शन असलं की इकडचा मोजा तिकडे जायचा. साहेबाला हे माहीत असायचं. पण ज्याच्या खाटेवर मोजा नाही त्याला दंड व्हायचा, आणि ज्याच्या खाटेवर आहे त्याला पुढचं पाऊल टाकता यायचं. मोजा कुणाचा, हे मात्र मेलं तरी सांगायचं नाही. या पद्धतीने आपण एक महायुद्ध जिंकलो, असं हवालदाराचं मत होतं. चाळीस वर्षांत नवरा-बायकोचं एका गोष्टीवर एकमत झालं ते असं.

साहेब सकाळच्या गाडीने आले. चाळिशीचे, घामेजलेले, हातात छत्री. हवालदार दारात ताठ उभा होता. छातीवर दोन बिल्ले, पायांत मास्तरांच्या वहाणा. त्याने सलाम ठोकला. साहेबांनी छत्री डाव्या हातात घेऊन, कसाबसा का होईना, उलट सलाम केला.

खुर्ची मास्तरांची होती. तिच्यावर बसून साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. सोजराबाईने शिऱ्याची बशी आणि चहाचा कप पुढे केला. शिऱ्यात तूप दिसत होतं, कारण तिने ते वरूनच घातलं होतं.

"एवढं कशाला?" साहेब म्हणाले.

"गरिबाघरी काय असतंय, साहेब," सोजराबाई आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली. हे वाक्यही रीतीचंच होतं.

साहेबांनी पाणी मागितलं. सारजाबाईचा तांब्या पुढे आला. साहेबांनी तो उचलला आणि कामाची सवय म्हणून त्याच्या गळ्याखालचं नाव वाचलं. मग परातीकडे पाहिलं. दुकानदाराने नाव मोठं कोरलं होतं. मग ते उठून हंड्यापाशी गेले, आणि शेवटी कोपऱ्यातल्या घंगाळापाशी वाकले. घंगाळ इतकं लखलखत होतं की अक्षरं लांबूनही वाचता आली असती.

"तुमच्या पत्नीचं नाव काय म्हणालात?"

"सोजरा, साहेब."

"मग या तानाबाई कोण?"

"शेजारीण."

"आणि दुर्गाबाई?"

"तीबी शेजारीण."

"यांची भांडी तुमच्याकडे?"

सोजराबाईने फळीखाली वाकून उगीच चूल सारखी केली. हवालदाराने टाचा जुळवल्या.

"समदं माझ्या ताब्यात हाय, साहेब. एक वस्तू इकडची तिकडं व्हायची न्हाई."

"बरं. आणि परत कधी द्यायची?"

"येळ झाली की ज्याची त्याला. घासूनपुसून."

साहेबांनी मान हलवली. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरचे दोन हंडे गेल्या वर्षापासून पुण्यातल्या एका पेढीवर, असेच नावासकट, अशाच फळीवर ठेवलेले होते. महिन्याचं व्याज द्यायला गेलं की ते तिथून दिसायचे. त्यामुळे ही खोली त्यांना नीट ओळखता आली. त्यांनी चहाचा कप अर्धा ठेवला, शिऱ्याला हात लावला नाही आणि सलाम न करता निघून गेले.

"च्या अर्धा टाकला," सोजराबाई म्हणाली.

"साहेब लोक अर्धाच पितात," हवालदार म्हणाला. "एकाबी वस्तूला नाव न्हाई ठेवलं. पास झालो आपण."

दुपारी बायका आपापली भांडी घेऊन गेल्या. तानाबाईने घंगाळ उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "असं साहेब दर म्हैन्याला येऊ द्या गं बाई."

पुढच्या आठवड्यात हवालदार पुण्याला गेला. निधीच्या कचेरीतल्या कारकुनाने त्याला बाकावर बसवलं, नाव शोधलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हवालदार, तुम्ही स्वतः लोकांना पैसे देता, आणि निधीकडे मागायला येता?"

"कुणाला पैसे देतो?"

"चार घरची भांडी गहाण आहेत तुमच्याकडे. साहेब डोळ्यांनी पाहून आलेत."

हवालदाराला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने आधी बिल्ल्यांना हात लावून पाहिला.

"उसनी होती ती. त्या दिवसापुरती."

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा तसं का नाही सांगितलंत?"

"इन्स्पेक्शन होतं," हवालदार म्हणाला.

कारकुनाने वही मिटली.

"अर्ज नामंजूर आहे," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "फेरचौकशी मागता येते. पण त्याआधी ते दुसरं मिटवा. सावकारीला परवाना लागतो. तुमच्याकडे आहे का, असं मामलेदाराला विचारलंय."

"परवाना न्हाई."

"मग अवघड आहे."

"आवं, धंदाच न्हाई तर परवाना कुठनं असणार?"

"तेच सांगा त्यांना," कारकून म्हणाला. "पण लेखी."

हवालदार परतला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. तलाठ्याने बबनरावांकडे चौकशी केली होती. बबनराव दारात बसले होते. ते रागावलेले नव्हते, ते दुखावले होते, आणि त्याला काही उपाय नव्हता.

"हवालदार, मी तुमाला गरीब समजत व्हतो."

"गरीबच हाय मी, बबनराव."

"माझ्या खोलीत पेढी मांडली, आन् मला साठ रुपयं द्यायला न्हाईत म्हणता. मी अवसेपतूर थांबलो व्हतो. कुणासाठी थांबलो व्हतो मी?" त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "ऐतवारी खोली मोकळी करा. फिटर सामान घेऊन येतोय."

त्या दिवशी चूल पेटली नाही. सोजराबाई पेटी उघडून बसली होती आणि त्यात भरण्यासारखं काय आहे ते शोधत होती. दिवेलागणीला दारात कुणीतरी खाकरलं. तानाबाई होती. पदराखाली काहीतरी मोठं होतं. आत येऊन तिने दार लोटलं आणि घंगाळ जमिनीवर ठेवलं.

"वैनी, पाच रुपयं पायजेत. आईचं दुखणं लई वाढलंय. खेडला जायचंय उद्या."

सोजराबाईने पेटीचं झाकण मिटलं.

"तानाबाई, तुला ठाव न्हाई व्हय आमच्याकडं काय हाय ते? हे घंगाळ तूच आणून दिलं व्हतंस त्या दिवशी."

"ठाव हाय."

"मग?"

तानाबाईने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "समदी म्हणत्यात तुमी ठेवून घेता. मला वाटलं, शिकलेला साहेब, पुण्यास्नं आला. त्याला कायतरी दिसलंच असंल की."

हवालदार भिंतीला टेकून बसला होता. सोजराबाईने कमरेची पिशवी काढली. चिखलीपर्यंतच्या बैलगाडीला ठेवलेले रुपये तिच्यात होते. त्यातले दोन तिने तानाबाईच्या हातावर ठेवले.

"एवढंच हायती. आन् ते घंगाळ घेऊन जा."

"न्हाई." तानाबाई मागे सरली. "फुकट घ्यायला मी काय भिकारीण हाय? दोन रुपयं आणून देईन, तवा सोडवून न्हेईन. आन् सारजाला कळू देऊ नगा."

"अगं, आमी ऐतवारी जातोय."

"त्याच्या आत येते मी," तानाबाई म्हणाली आणि दार उघडून बाहेर डोकावून निघून गेली.

सोजराबाईने घंगाळ उचललं. थोडा वेळ तिला ते कुठे ठेवावं कळेना. मग तिने ते त्या दिवशी जिथे होतं त्याच कोपऱ्यात ठेवलं. हवालदाराने हात पुढे करून त्याच्या कडीवरची धूळ बोटाने पुसली.

रविवारपर्यंत तानाबाई आली नाही. तिच्या दाराला कडी होती.

दोन रुपये कमी झाल्यामुळे पूर्ण गाडी ठरली नाही. चिखलीकडे कडबा घेऊन निघालेल्या एका गाडीवाल्याने मागची जागा दिली. पेटी, दोन वळकट्या, पोत्यात जर्मनची भांडी. घंगाळ सोजराबाईने गोधडीत गुंडाळून मधोमध बसवलं. समोरच्या दारांत बायका उभ्या होत्या. दुर्गाबाईने डोळ्यांना पदर लावला. सारजाबाई म्हणाली, "लेकीकडंच जातायसा की, परक्यात न्हाई," आणि सोजराबाईने मान हलवली.

नवा फिटर आपल्या सामानापाशी उभा होता. मराठवाड्यातला तरुण माणूस होता, अर्जुनराव नावाचा. म्हाताऱ्याला पेटी उचलताना पाहून तो पुढे आला आणि पेटी स्वतःच गाडीत चढवली. हवालदाराने त्याला सलाम केला. अर्जुनरावाला काय करावं कळेना, त्याने हात जोडले.

गाडी हलली. पहिल्याच खड्ड्यात गोधडी सरकली आणि घंगाळाची कड उघडी पडली. उन्हात ती एकदम चमकली. अर्जुनराव दोन पावलं पळत आला, घंगाळाला हात देऊन ते सावरलं आणि त्याच्यावरचं नाव वाचून आपुलकीने हळूच म्हणाला,

"तानाबाई, जरा धरून बसा. पडेल हे."

सोजराबाईने समोरच्या दारांकडे पाहिलं. सारजाबाई अजून उभी होती. गाडीच्या पुढच्या बाजूला हवालदार कडब्याला पाठ लावून नाकासमोर पाहत ताठ बसला होता.

"व्हय बाबा," ती म्हणाली आणि गोधडी नावावर ओढून घेतली.