तीन ओव्या आणि बैलगाडा शर्यत

माझे चुलते मारुतीआबा यांना एकच गोष्ट हवी होती, गेल्या वर्षी वारलेल्या काकींचा आवाज. वीस वर्षांपूर्वी माझ्या चुलतबहिणीच्या, अनिताताईच्या हळदीला काकी जात्यावर ओव्या गायल्या होत्या. ती व्हिडिओ कॅसेट इंदुरी गावातल्या घरी तांदळाच्या डब्यात सापडली. तांदूळ चांगला होता, बुरशी कॅसेटला आली होती.

लोणावळ्याच्या नवाजने आठ दिवस खपून फीत साफ केली आणि आम्हाला दुकानात बोलावलं. पडद्यावर आधी नुसते चौकोन नाचले, मग काकी दिसल्या. तीन ओव्या झाल्या. चौथीला त्यांनी तोंड उघडलं आणि आतून एक बाप्या ओरडला, "झाली! भिर्रर्र!"

पुढे चाळीस मिनिटं बैलगाडा शर्यत. इतकी स्वच्छ की बैलावरच्या माश्या मोजाव्यात.

शर्यतीचं शूटिंग माझंच होतं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, कोरी कॅसेट मिळेना, आणि हळद माझी एकदा बघून झाली होती.

"बुरशी निघते भाऊ," नवाज माझ्या कानात म्हणाला, "वरून केलेलं शूटिंग नाही निघत."

आबा बैलांकडे बघत होते. "बुरशीनं खाल्लं व्हय रं?"

"व्हय, आबा." बुरशी काही उलटून बोलणार नव्हती.

"तीन ओव्या देवाच्या. चौथीपास्नं ती घरच्यांची नावं घ्यायची. पयलं तुजं घेतलतं. कसं गुंफलतं, आठवतंय का?"

"न्हाई आठवत, आबा."

हे मात्र खरं होतं.

"मग पुन्यांदा लाव," आबा नवाजला म्हणाले. "तितवरच."