गारा पडल्या त्या दिवशीचा कार्यक्रम

गुलू शहराच्या रेडिओ केंद्रावर लामुनू दर गुरुवारी संध्याकाळी ‘घरी या’ हा कार्यक्रम करायची. बंडखोरांच्या तावडीतून सुटून आलेल्यांना ती बोलतं करी आणि त्यांचे अजून जंगलात असलेले सोबती ते चोरून ऐकत. लहानपणी पळवून नेलेली, हाती बंदूक दिलेली ही पोरं. त्यांच्याशी बोलताना तिचा आवाज मऊ असे. खरं तर तिच्या धाकट्या भावाला, ओपिराला, या बंडखोरांनीच मारलं होतं.

एका गुरुवारी कार्यक्रमात बोलायला कोमाकेच आला. विशी ओलांडलेला, लंगडत चालणारा. खुर्चीवर टेकताच म्हणाला, “ताई, राग मानू नका, पण तुमच्या कार्यक्रमावर तिकडे कुणाचाच विश्वास नाही.”

“का?”

“म्होरक्या सांगतो, आधी आवाज टेप करतात, मग विष घालून मारतात. आम्हाला वाटायचं, मेलेली माणसं बोलतायत.”

इतके दिवस लामुनू कुणासाठी घसा कोरडा करत होती?

“मग तू कसा आलास?”

“आलो कुठला! पाय मोडला म्हणून मला टाकून गेले. सैनिकांनी उचलून आणलं.”

तिच्या तोंडून निघून गेलं, “नदीकाठच्या आमच्या गावावर चालून आलात, तेव्हा तू होतास?”

कोमाकेचने मान खाली घातली. “गावांची नावं आम्हाला सांगत नसत, ताई. असेनही.”

उठून निघून जावं असं तिला वाटलं. तेवढ्यात समोरचा लाल दिवा लागला, थेट कार्यक्रम सुरू झाला. ती घोटभर पाणी प्यायली. दुपारी उत्तरेकडून, जंगलाच्याच बाजूने, गारांचं वादळ आलं होतं. ते आठवून तिने माईक त्याच्याकडे सरकवला. “आज दुपारी काय झालं ते सांग जंगलातल्या तुझ्या मित्रांना.”

कोमाकेचच्या क्षणात लक्षात आलं. “ओजारा, अरे जिराफा! आजच्या गारा बसल्या का टाळक्यात? इथे पत्र्यावर असा तडतडाट की मी खाटेखाली शिरलो. मेलेल्याला आजच्या गारा कशा कळतील रे, गाढवा? तुझी मावशी अजून तिळाच्या वाटणातली भाजी करते. तुझ्या वाटची मीच खातोय!”

लामुनूला हसू आवरलं नाही. ते तसंच रेडिओवरून गेलं.

मग कोमाकेच दर गुरुवारी येऊ लागला. कधी त्या दिवशीचा फुटबॉलचा सामना, कधी बाजारात उधळलेला बैल, असं ताजं काही सांगायचा. महिना उलटला तरी जंगलातून कुणी आलं नाही. “ऐकत तरी असतील का?” लामुनू विचारायची. तो म्हणायचा, “शिव्या देत असतील, म्हणजे ऐकतायत.”

आणि एका सकाळी सैन्याच्या चौकीवर चौघे जण हात वर करून उभे राहिले. त्यांतला सगळ्यात उंच एकच घोकत होता, आधी कोमाकेचला दाखवा. त्याला, म्हणजे ओजाराला, रेडिओ केंद्राच्या अंगणात आणलं. ओजाराने मित्राला निरखलं, मग पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

“जिवंत आहे हा!” ओजारा ओरडला आणि रडायला लागला. दोघे अजून मागेच राहिलेत, त्यांना पटलं नाही, असंही त्याने सांगितलं.

रविवारी ओजाराच्या मावशीकडे सगळे जमले. तिथली रीत अशी की परतलेल्याने उंबऱ्यावरचं अंडं पायाने फोडून घरात यायचं, म्हणजे बाहेरचं बाहेर राहतं. मावशीने अंडं लामुनूच्या हाती दिलं. “तूच ठेव पोरी. तुझ्यामुळे आला.”

“माझा भाऊ यांच्याच माणसांनी मारला, मावशी.”

मावशीने अंडं परत घेण्यासाठी हात पुढे केला. लामुनूने ते दिलं नाही. ती वाकली आणि अंडं उंबऱ्यावर अलगद ठेवलं. ओजाराचा पाय पुढे आला, टरफल फुटलं.

“ये आत,” लामुनू म्हणाली. “भाजी निवतेय.”