पंपाच्या पायाखालचा पाट

मी एक जुना पाट आहे. मात्र मांडी घालून बसण्यासाठी माझा जन्म झाला नव्हता. माझ्यावर काँक्रीटचा पंप पाय टेकून उभा राहत असे.

मित्रांनो, तो पंप तुम्ही पाहिला असेल. ट्रकच्या पाठीवर घडी घातलेला एक लांबच लांब लोखंडी हात असतो. कामावरचे सगळे त्याला बूम म्हणतात. बांधकामावर पोहोचले की बूम उलगडतो आणि त्याच्या नळीतून ओले काँक्रीट थेट वरच्या मजल्यावर जाऊन पडते. येणारे-जाणारे माना वर करून ते पाहत राहतात. पण बूम उलगडण्यापूर्वी ट्रक दोन्ही अंगांनी चार लोखंडी पाय बाहेर काढून जमिनीवर टेकतो, हे थोड्यांच्याच लक्षात येते. त्या प्रत्येक पायाखाली एक पाट मांडलेला असतो, याकडे तर कोणी ढुंकूनही पाहत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कठीण लाकडाच्या जाड फळ्यांचे थर एक उभा, एक आडवा असे रचून त्याने ते बोल्टांनी आवळले. उचलण्यासाठी दोन बाजूंना दोरीचे कान बसवले. आम्ही चौघे भाऊ एकाच दिवशी तयार झालो. आम्हाला न्यायला आलेल्या बाईंना सुतार म्हणाला, "एवढे जाड पाट? बसणार कोण आहे, हत्ती?"

"हत्ती परवडला असता," बाई म्हणाल्या. "पाय खचायला लागला तर तो ओरडतो तरी."

पंप चालवणाऱ्या त्या ह्याच बाई. त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा दीर असे. तो त्यांना 'वहिनी' म्हणे, म्हणून कामावरचे सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले. मिक्सरचे ड्रायव्हर म्हणत, इंजिनीअरसाहेब म्हणत, आणि वयाने त्यांच्या वडिलांएवढा असलेला गवंडीही म्हणे. वहिनींच्या गळ्यात रिमोट असे आणि त्याच्या खुंट्यांवर बोटे ठेवून त्या बूम हलवीत. दीर वर स्लॅबवर उभा राहून बूमच्या टोकाची रबरी नळी धरी आणि काँक्रीट हवे तेथे पाडी. थोडक्यात, घरी वहिनी वाढतील ते निमूट खाणारा हा गृहस्थ कामावरही वहिनी वाढतील तेच घेत असे. फक्त येथे तो निमूट नसे.

"वहिनी, हळू! मी काय दोरीवर वाळत घातलेला सदरा आहे का?"

"सदरा बरा, भावजी. तो एका जागी तरी राहतो."

आता माझे काम सांगतो. पेन्सिलीचे टोक तळहातावर दाबून पाहा, ते टोचेल. तीच पेन्सिल आडवी ठेवून तितक्याच जोराने दाबा, टोचणार नाही. जोर तोच, पण तो जास्त जागेवर पसरला. पंपाचा पाय म्हणजे पेन्सिलीचे टोक. मी त्याचा भार माझ्या सर्व अंगावर घेऊन जमिनीला थोडा थोडा वाटून देई. शिवाय हा भार स्थिर नसतो. बूम ज्या कोपऱ्यावर वळतो, त्या कोपऱ्यातील पाय जड होतो आणि समोरचा हलका होतो. त्यामुळे बूम न पाहताही तो या क्षणी कोठे आहे, हे मला अचूक कळे.

'न पाहता' असे मी म्हटले, ते मुद्दाम. माझ्या एका बाजूवर लाल रंगाने 'वर' असे लिहिलेले आहे, म्हणून माझे दुसरे अंग नेहमी खालीच राही, आणि माझे डोळे नेमके त्याच अंगाला. काम सुरू होण्याआधी मला मांडत आणि बूमची घडी घातल्यावर मला उचलत. उलगडलेला बूम मी कधी पाहिलाच नव्हता. तो कसा दिसत असेल, याचे मला फार कुतूहल होते.

पण त्याहूनही मोठे कुतूहल जमिनीचे होते. माणसे 'जमीन' म्हणून मोकळी होतात. मला मात्र प्रत्येक ठिकाणी ती निराळी भेटली. कोठे मुरूम असे, तो कुरकुर करून मग शांत बसे. कोठे चिकणमाती असे, ती कामापुरती हो म्हणे आणि दुपारी हळूच अंग काढून घेई. एकदा माझ्या खाली मातीची तुटकी चिलीम निघाली, एकदा बाहुलीचा हात. माझ्या मनात नेहमी येई, ह्याच्या खाली काय असेल? आणि त्याच्याही खाली?

नवल म्हणजे वहिनींनाही हाच प्रश्न पडे. ट्रक उभा केला की त्या आधी वर विजेच्या तारा आहेत का ते बघत, मग खाली बघून विचारीत, "भावजी, खाली काय आहे?"

"माती! मातीशिवाय काय असणार, सोन्याचा हंडा?" दीर म्हणे. पण म्हणत म्हणत पहार घेऊन चारही जागा ठोकून बघे. भुसभुशीत लागले तर जागा बदलत. टणक लागले तर वहिनी हाक देत, "पाट मांडा!"

अशी कित्येक वर्षे गेली. इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी त्यांची वाखाणणी केली. आम्हा चौघांची वाखाणणी कोणी केली नाही. चहाच्या वेळी दीर माझ्यावर बसे आणि कप माझ्याच अंगावर ठेवी, एवढाच काय तो आमचा मान. त्या कपांची वर्तुळे आजही माझ्यावर आहेत.

मग शाळेच्या इमारतीचा तो दिवस आला.

पहिल्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. पंपाची ठरलेली जागा लोखंडी सळ्यांच्या ढिगाने अडवली होती, म्हणून ट्रक थोडा बाजूला, मोकळ्या अंगणात घेतला. वहिनींनी इंजिनीअरसाहेबांना विचारले, "इथं पूर्वी काही होतं का?"

साहेबांनी नकाशा उलगडून बारकाईने पाहिला. "एक जुनं घर होतं, ते पाडलं. नवीन नकाशात तरी इथं काही नाही. न पाइप, न खड्डा."

दीर पहार घेऊन निघाला. तीन कोपऱ्यांत पहार 'धप्' अशी वाजली आणि किंचित रुतली. माझ्या कोपऱ्यात ती 'ठण्ण' वाजून उसळली.

"वहिनी, इथं तर खडक आहे!" तो खूश होऊन ओरडला. "असा पाहुणचार पंपाला कुठं मिळालाय?"

"एकाच कोपऱ्यात खडक?"

"मग चारही कोपऱ्यांत पेरून ठेवू का?"

वहिनी हसल्या. मला मांडले. लोखंडी पाय माझ्यावर टेकला. शिरस्त्याप्रमाणे वहिनींनी रिकामा बूम चारही कोपऱ्यांवरून सावकाश फिरवून पाहिला. कोणीच हलले नाही. पण मला काही तरी चुकल्यासारखे वाटत होते. मी खडकावर यापूर्वी बसलो होतो. खडक मुका असतो. हा मात्र पंपाच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर घुमत होता, जणू कोणी बंद दाराआडून उत्तर देत आहे.

पहिले काँक्रीट येताना नळी फटका मारू शकते, म्हणून वहिनींनी नेहमीप्रमाणे सर्वांना लांब उभे केले. धार लागल्यावरच दीर पुढे झाला. मिक्सरमागून मिक्सर रिकामे होऊ लागले. अर्धा स्लॅब भरला आणि बूम दूरच्या टोकाकडे वळला. म्हणजे काँक्रीटने भरलेला तो संपूर्ण हात आता माझ्या कोपऱ्यावर आला.

माझ्या खाली 'कट्' असा आवाज झाला. पंपाच्या धडधडीत तो कोणालाही ऐकू जाणे शक्य नव्हते. मला कळून चुकले की तो खडक नाही; ते कशाचे तरी झाकण आहे आणि ते तडकले आहे. बूमच्या टोकाखाली तर दीर उभा होता, नळीला मिठी मारून.

मित्रांनो, आम्हा पाटांना वाचा नसते. आमची एकच भाषा आहे. आम्ही कलतो. मी कललो.

मिक्सर बदलताना चारही पायांकडे एक नजर टाकण्याची वहिनींना सवय होती. त्या वेळी त्यांना दिसले की माझा दोरीचा कान, जो सकाळपासून मातीवर लोळत होता, तो आता हवेत लोंबतो आहे. त्यांनी तत्क्षणी पंप थांबवला.

"भावजी, नळी सोडा! जिन्याकडे या!"

"वहिनी, अर्धा स्लॅब राहिलाय! जोड पडेल मध्येच!"

"आधी या. मग भांडा."

त्या आवाजात काही तरी असावे. दिराने नळी सोडली आणि बाकीच्यांना हाकारत तो जिन्याकडे धावला. इंजिनीअरसाहेब घामाघूम होऊन आले. "वहिनी, तीन मिक्सर रांगेत उभे आहेत. ऊन बघा. काँक्रीट घट्ट व्हायला लागेल. थोडक्यात आटपत नाही का?"

वहिनींनी नुसते माझ्याकडे बोट दाखवले. साहेबांनी वाकून पाहिले आणि ते ताठ उभे राहिले. "सगळे मागे व्हा," ते म्हणाले. "स्लॅबचं मी बघतो. तुम्ही बूम सांभाळा."

वहिनींनी घाई केली नाही. त्यांनी पंप उलटा चालवून नळीतले काँक्रीट मागे ओढून घेतले, म्हणजे बूम हलका झाला. मग तो आणखी न वळवता, आहे त्याच रेषेत त्या त्याची घडी घालू लागल्या. तेवढ्यात माझ्या खालचे अर्धे झाकण सुटले. लोखंडी पाय खाली दबला, ट्रक कण्हला. वर रबरी नळीचे टोक कोसळून स्लॅबवर आपटले, जेथे दीर उभा होता अगदी तेथेच. मी एका बाजूने मातीच्या काठावर आणि दुसऱ्या बाजूने उरलेल्या झाकणावर आडवा पडलो होतो. माझी मधली फळी कडकडली. बोल्टांनी मात्र मला धरून ठेवले आणि मी पायाला.

माझे खालचे अंग आता एका काळोख्या पोकळीवर होते. ती त्या पाडलेल्या घराची विसरलेली पाण्याची टाकी होती. तळाशी थोडे पाणी साचले होते. कडेच्या फटीतून उजेड आत पडला, आणि त्या पाण्यात मला आकाश दिसले. त्या आकाशात एक अवाढव्य हात कोपरात दुमडत, हळूहळू स्वतःला मिटून घेत होता. मी घाबरलेला होतो, हे खरे. तरी मनात आले, अरेच्चा, हा एवढा सुंदर आहे होय!

घडी पूर्ण झाली. वहिनींनी रिमोट गळ्यातून काढला.

तिकडे साहेबांनी स्लॅब योग्य ठिकाणी थांबवला. तुळयांवर भार कोठे कमी येतो हे त्यांना ठाऊक होते. तेथे त्यांनी फळ्या ठोकवून काँक्रीटची कड सरळ करून घेतली, म्हणजे पुढचा जोड पक्का बसावा. ट्रक पक्क्या रस्त्यावर घेतला. तेथे माझ्याऐवजी ट्रकवर नेहमी असणारा एक जादा पाट मांडला आणि नवे मिक्सर मागवून दिवस मावळण्याच्या आत उरलेला स्लॅब भरला.

काम संपल्यावर दिराने त्या भगदाडात वाकून पाहिले. तो म्हणाला, "वहिनी, माझ्या खडकाला तर तळच नाही."

"तुम्ही ठोकलंत, मी ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "उकरून दोघांनीही बघितलं नाही. उद्यापासून बघायचं."

त्यांचे पती, म्हणजे दिराचे थोरले भाऊ, पंपाची दुरुस्ती सांभाळीत. कार्यशाळेत त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. "लोखंडी पट्टी मारली की आणखी दोन वर्षं जाईल हा."

"नको, दादा," दीर म्हणाला.

"का रे? नुसता पंप तर उभा राहणार यावर."

"पंप नाही राहत, दादा. मी राहतो."

दादांनी पट्टी खाली ठेवली. तो वाद तेथेच संपला आणि माझी नोकरीही.

त्या दिवसापासून मी कार्यशाळेच्या दाराशी पडून आहे. सुरुवातीला येणारे-जाणारे माझी हकीकत सांगत. हळूहळू तेही विसरले. माझ्यावर कोणी पाने-पकडी ठेवतो, कोणी बूट झटकतो. माझ्या भेगेत मुंग्यांनी बिऱ्हाड थाटले आहे. माझे भाऊ रोज सकाळी ट्रकवरून कामावर जातात. आज त्यांना कोणती जमीन भेटेल, याचे कुतूहल वाटून मला अजून हुरहूर लागते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. ज्याच्यावर तुम्ही निर्धास्त उभे असता, त्याच्याकडे अधूनमधून वाकून बघत जा. ते बोलणार नाही; पण कललेले असेल तर दिसेल.

परवाचीच गोष्ट. दीर माझ्यावर बसून चहा पीत होता. त्याची छोटी मुलगी डबा घेऊन आली होती. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून तिने माझा दोरीचा कान ओढला आणि विचारले, "बाबा, याच्याखाली काय आहे?"

मला वाटले, आता हा म्हणेल, 'माती.'

कप बाजूला ठेवून तो उठला आणि त्याने सरळ जमिनीवर गुडघे टेकले. "मला नाही माहीत," तो म्हणाला. "तू त्या बाजूनं धर. उचलून बघू."