एलिसेओच्या हातातलं पुस्तक

"वहिनी, दादाच्या हातात कोणतं पुस्तक ठेवायचं ते सांगा. शवपेटी बंद करायला माणसं खोळंबलीत," धाकटा दीर एफ्रेन दारातून म्हणाला.

लुडिविना पलंगावर बसून होती. पुढ्यात मेलेल्या नवऱ्याची, एलिसेओची, दोन पुस्तकं. एक चर्चच्या मंडळीने दिलेलं जाडजूड टिपांचं बायबल, प्रत्येक वचनाखाली बारीक अक्षरांत अर्थ समजावलेला. दुसरं बायबलात न घेतलेल्या जुन्या ग्रंथांचं, इंजिनाच्या तेलाने काळवंडलेलं.

एलिसेओने सिकिहोर बेटाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. रविवारी तो बायबलवर्ग घ्यायचा. अकरा वर्षांपूर्वी वर्गात त्याने त्या दुसऱ्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं, आणि वर्ग त्याच्याकडून काढून घेतला गेला. तो भांडला नाही. निमूट मागच्या बाकावर बसू लागला. टिपांचं बायबल तेव्हाच मिळालं, समजूत घातल्यासारखं.

चर्चचे पाळक आत आले. "बाई, मी अडवत नाही. पण ते पुस्तक त्यांच्या हातात दिसलं, तर मला प्रार्थना म्हणणं जड जाईल."

"दादा तेच वाचायचा, पाळकसाहेब," एफ्रेन उसळला. "मेल्यावर तरी त्याचं त्याला मिळू द्या की!"

दोघंही तिच्याकडे बघू लागले. तिला रडू येत नव्हतं. कालपासून हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटत होते.

तिने टिपांचं बायबल पुढे केलं.

"घाबरलात ना वहिनी?"

"नाही रे. ते दुसरं मला हवंय. मी कधी उघडलंच नाही."

एफ्रेन बायबल घेऊन बाहेर गेला.

दफन रीतीप्रमाणे झालं. बाईने घराची लाज राखली, असं मंडळीत बोललं गेलं. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून ती स्वयंपाकघरात ते पुस्तक घेऊन बसली. पूर्वी जेवताना एलिसेओ त्यातलं काही सांगू लागला, की "घरात तरी नको हे" म्हणत ती ताटं उचलायची. पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं : लुडीला सांगायचं. चार पानांनंतर पुन्हा तेच. पुढेही.

पहिल्या खुणेजवळची ओळ तिने दोनदा वाचली. अर्थ लागेना.

"म्हणजे काय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तिने समोरच्या, त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तीच ओळ पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागली.