नेट नसलं तरी चालतो मी

“पोरगी लय गरीब हाय बघा. मोबाईलात गेम लावून देला की गप बसती. माहेर बी आठवत न्हाई.”

केवळाबाईंनी हे शेजारच्या सुमनबाईंना सांगितलं, हळू आवाजात. पण भिंतीच्या अलीकडे त्यांची नवी सून साधना तूर निवडत बसली होती. तिनं ऐकलं. तिच्याजवळ पालथ्या पडलेल्या मोबाईलमधून मीही ऐकलं. तो गेम म्हणजे मीच.

माझ्यात फार काही नाही. एका डावाला एक चौकट, अशा सहाशे. चौकटीत रंगीत ठिपके असतात. लालला लाल, निळ्याला निळा, बोटानं रेघ ओढून जोडायचा. एक रेघ दुसरीवरून गेली की आधीची तुटते. दूरच्या कुठल्याशा शहरात, थंडगार खोलीत बसून चार जणांनी मला घडवलं आणि माझ्या नावाखाली लिहिलं, ‘फावल्या वेळेसाठी. नेट नसलं तरी चालतो.’ मला त्याचा केवढा अभिमान!

साधना परभणीच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. सुपारी फुटताना सासरच्यांनी भर बैठकीत शब्द दिला होता, “शिकू द्या की. आपल्या चुडाव्याला रेल्वे हाय, सकाळी जाईल, संध्याकाळी येईल.” हे मला तिच्या पुटपुटण्यातून कळलं. रेघा ओढताना ती पुटपुटते.

लग्नाला पंधरा दिवस झाले आणि नवऱ्यानं, महारुद्रनं, तिच्या मोबाईलचं सिम काढलं. “माहेरचे फोन लय यायलेत. जरा रूळ, मग टाकू.” सिम केवळाबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात गेलं. परीक्षेचा फॉर्म भरायचा तर ओटीपी त्याच नंबरवर येणार, हे ती म्हणाली. “बघू,” तो म्हणाला. मग तिचं उतरलेलं तोंड बघून त्यानं आपल्या नेटवर मला उतरवून घेतलं. “घे, टाइमपास.” त्याला वाटलं, लाड केला.

मलाही तसंच वाटलं. डाव सुटला की मी झांज वाजवायचो, चांदण्या उधळायचो, ‘शाब्बास!’ म्हणायचो. त्या घरात तिला शाब्बास म्हणणारा मी एकटाच. दुपारी गाडीची शिट्टी ऐकू आली की तिचं बोट अर्ध्या रेघेवर थांबायचं. मी ठिपके लुकलुकवायचो. चला, खेळा.

कधी केवळाबाई मोबाईल ओढून घेत. “आण इकडं. ही हिरवी कुठून न्यायची गं?” साधना दाखवायची. डाव सुटला की सुमनबाईंना ऐकू जाईल असं त्या म्हणायच्या, “मला तर चटकन जमतंय बाई!” साधना हसायची. त्या हसण्याला आवाज नव्हता.

‘गेम लावून देला की गप बसती’ हे भिंतीपलीकडून कानावर पडल्यावर मला वाटलं, ही आता मला हात लावणार नाही. ती उलट जास्तच खेळू लागली. दिवसाला दहा डाव, मग वीस. मी खूश, लागली चटक! एका दुपारी ती पुटपुटली, “सहाशे झाले की हा बी संपतो. मग बघू, मला गप बसवायला ह्यांच्याकडं काय उरतंय.”

तेव्हा पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. वेळ कुणाचा, आणि तो फावला केला कुणी, हे मला घडवणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं?

आज चहाच्या वेळेला सहाशेवी चौकट भरली. चांदण्या उधळून झाल्यावर माझ्यापाशी एकच पाटी उरली, ‘खेळ संपला. पुढच्या डावांसाठी नेट जोडा.’

तिनं मोबाईल कपबशांजवळ ठेवला. “संपला.”

“मग दुसरा टाकून देतो की,” महारुद्र म्हणाला.

“असाच रंगीबेरंगी बघ रे. मला बी बरा पडतो,” केवळाबाई म्हणाल्या. सुमनबाई बशीतून चहा ओढता ओढता हसल्या.

मला काढून टाकलं तरी तक्रार नाही. फक्त माझ्या जागी माझाच भाऊबंद आणून बसवू नका, एवढीच विनवणी. पण माझा आवाज झांजेपुरताच.

साधनानं पदर सारखा केला, सासूकडे वळली आणि सुमनबाईंनाही नीट ऐकू जाईल असं म्हणाली,

“आत्याबाई, मी गप होते, गरीब न्हाई. फॉर्म परवापर्यंतच हाय. करंड्यातलं माझं सिम द्या.”